खिशातलं कार्ड

"हिच्या मते अनाथ म्हणजे फुलं विकणारा माणूस."

इंग्रजीचे सर माझा कागद वर धरून वर्गाला वाचून दाखवत होते. अमरावतीचं कॉलेज, बी.ए.चं पहिलं वर्ष, पहिलाच आठवडा. मी बाकाजवळ उभी. बसायला सांगितलं नव्हतं.

"आणि विडो, विधवा, म्हणजे? दात काढणारा डॉक्टर!"

वर्ग हसला. पुढच्या बाकावरचा ईशान तर बाकावर हात आपटून हसला. डॉक्टरांचा मुलगा, त्याला तर हा जोक घरचाच होता.

"गाव कोणतं?"

"भातकुली."

"वडील काय करतात?"

"भाजीपाला करतात सर. अन् झेंडू."

"झेंडू विकतात?"

"हो."

"वा! म्हणजे घरात फ्लोरिस्ट बसलाय आणि मुलीला फ्लोरिस्ट माहीत नाही."

परत हसू. या वेळेस मुलीपण हसल्या. सरांनी कागद माझ्याकडे दिला नाही, पुढच्या बाकावर दिला. तिथून तो हातोहात मागे आला. प्रत्येकानं वाचला. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याला घड्या पडल्या होत्या.

कागदावर 'जोड्या लावा' होतं. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे इंग्रजीतच त्यांचे अर्थ. माझी एकही जोडी बरोबर नव्हती. कारण सांगते. लाज माझी नाही, म्हणून सांगते.

आमच्या शाळेत इंग्रजी पी.टी.चे सर शिकवत. इंग्रजीच्या शिक्षकाची जागा रिकामी होती, आम्ही पाचवीत गेलो तेव्हाही आणि बारावीतून निघालो तेव्हाही. पी.टी.चे सर माणूस चांगला, पण त्यांनाही शब्द येत नव्हते. ते गाईडमधून उत्तरं फळ्यावर लिहायचे. एक-क, दोन-इ, तीन-अ, चार-ड. आम्ही ते पाढ्यासारखं सूर लावून पाठ करायचो. पेपरात तेच यायचं, त्याच क्रमानं. शब्द वाचायचं काम पडत नव्हतं. आम्ही सगळे पास झालो. गावात पेढेपण वाटले गेले.

कॉलेजातल्या सरांनी शब्द तेच दिले. फक्त उजवीकडचा क्रम बदलला. मी आपली एक-क, दोन-इ, तीन-अ लिहून मोकळी झाले. लवकर लिहून झालं म्हणून मनात खूशही होते.

इतकी वर्षं इंग्रजी शिकले आणि मला शब्द कोणी दाखवलाच नव्हता. नुसती त्याच्या बाजूची अक्षरं दाखवली.

घरचं सांगते. आमच्या भागात विहिरीचं पाणी खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यावर भाजी घेतली तर कोवळी पानं कडेनं करपतात. म्हणून आमचं वावर, मक्त्याचं म्हणजे भाड्यानं कसायला घेतलेलं, पावसाळ्यापुरतं हिरवं. पावसाच्या भरवशावर वांगी, गवार, आणि दसरा-दिवाळीला धरून झेंडू. बाकीचं वर्ष माय अमरावतीच्या बाजारात जाते. सकाळी हर्रास होते तिथं, म्हणजे मालाची बोली. ती बोलीत माल घेते आणि दिवसभर रस्त्याच्या कडेला बसून विकते. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बाबा सातवी. माय दोन वर्षं शाळेत गेली, तीही धाकट्या भावाला कडेवर घेऊन.

मला इंग्रजीचीच शिक्षिका व्हायचं होतं. हे वेड कुठून आलं तर त्या रिकाम्या जागेतून आलं. आमच्या शाळेच्या हजेरी-फळ्यावर सगळ्या शिक्षकांची नावं होती आणि इंग्रजीपुढे रेघ होती. मी रोज ती रेघ पाहून वर्गात जायची. मला वाटायचं, इथं नाव लिहायला काय लागत असेल?

बाबा म्हणाले होते, "एक वरीस पायतो. इंग्रजी नाही जमली तं वापस वावरात. मंग रडजो नको." बाबांचा शब्द म्हणजे शब्द. आणि कॉलेजात नियम असा होता की दुसऱ्या वर्षी इंग्रजी वाङ्मय हा विषय घ्यायचा तर त्याच सरांची सही लागायची. ज्यांनी माझा कागद वर धरला, त्यांची.

आता शनिवारच्या खेळाबद्दल सांगते.

दर शनिवारी शेवटच्या तासाला सर मिठाईचा एक रिकामा डबा घेऊन यायचे. डब्यात कार्डं. काही कार्डांवर शब्द, काहींवर अर्थ. सर स्वतः बाकांमधून फिरून कार्डं वाटायचे. मग सगळ्यांनी उठायचं आणि आपली जोडी शोधायची. शब्दवाल्यानं अर्थवाल्याला शोधायचं, अर्थवाल्यानं शब्दवाल्याला. जोडी सापडली की दोघांनी भिंतीला लागून उभं राहायचं आणि मोठ्यानं वाचायचं. ज्याची जोडी लागली नाही त्यानं फळ्याजवळ यायचं. सर विचारायचे, "धिस वन?" आणि सगळ्या वर्गानं एका आवाजात म्हणायचं, "नो पेअर!"

मग त्या माणसानं तास संपेपर्यंत फळ्याजवळच उभं राहायचं. तास संपला की सगळ्यांची कार्डं गोळा करायची, जोडी-जोडीला रबर लावायचं आणि डबा सरांच्या टेबलावर ठेवायचा.

खेळ म्हणून तो चांगलाच होता. मी आजही म्हणते. पण फळ्याजवळ उभी राहायची ती मी. मी नाही तर प्रतीक्षा. प्रतीक्षा मूर्तिजापूरकडची, तिचे वडील दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत राखण करायचे. एखाद्या शनिवारी मेळघाटातून आलेला एक मुलगा उभा राहायचा, तो पुढे कॉलेजच सोडून गेला. पुढच्या बाकांवरचं कोणी तिथं कधी उभं राहिलेलं मला आठवत नाही.

मला वाटायचं, बरोबरच आहे. आपल्याला येत नाही म्हणून आपण उभे.

कॉलेजात माझं नावच पडलं. जिन्यात, कॅन्टीनजवळ, कुठंही. "ए नो पेअर, बाजूला हो." ईशान एकदा म्हणाला, "हिची जोडी भातकुलीतच लागंल, बैलासोबत." त्याच्यासोबतची मुलं हसली. एक मुलगी म्हणाली, "जाऊ दे ना यार." ती माझ्या बाजूनं बोलली की त्याचा वेळ जातोय म्हणून बोलली, मला अजून कळलेलं नाही.

मी शब्द पाठ करायला बसले. बाबांच्या मोबाइलची काच फुटलेली होती, त्यात डिक्शनरी टाकून घेतली. पण डोकं फिरायचं. एका शब्दाचा अर्थ पाहावा तर त्या अर्थात आणखी दोन शब्द अडून बसलेले. त्यांचे अर्थ पाहावे तर त्यांच्यात आणखी. परत फिरून पहिल्याच शब्दावर यायचं. जसं काही एखाद्या ऑफिसात गेलो, या खिडकीनं त्या खिडकीला पाठवलं, त्या खिडकीनं परत इकडं. कित्येकदा मोबाइल गोधडीवर फेकला. जमिनीवर फेकायची हिंमत नव्हती, तो एकच होता. सर म्हणायचे, "इंग्रजी पेपर वाचत जा, घरात बोलत जा." घरात कोणाशी बोलू? वांग्यांशी?

मग रस्ता सापडला तो मिनीडोरमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या शेअर-रिक्षात. सकाळी भातकुलीहून अमरावतीला जाताना माय मधे, मी कडेला, पायाखाली रिकामी पोती. मी मोबाइलवर अर्थ वाचायची, अडला शब्द कसातरी सोडवायची आणि मायला वऱ्हाडीत सांगायची. पाठांतराचा कंटाळा आला म्हणून गंमत सुरू केली होती.

"माय, ऐक वं. ज्याले कितीबी सांगा, तो आपलंच धरून बसते. असा कोन?"

"तुया बाप," माय म्हणाली. विचार करायलाही थांबली नाही.

"दुसऱ्याचं बोलनं भिताडाले कान लावून ऐकते?"

"तुई काकू. अजून कोन?"

"जो देते, पण कोनाले सांगत नाही?"

मायनं बोटांवर गावातली माणसं मोजली. मग म्हणाली, "असा तं भातकुलीत कोनी नाही."

मिनीडोरवाला समोरून ओरडला, "मी हाओ ना काकू! तुमच्या पोत्याचं भाडं घेतो का मी?"

"घेतं नाही तं काय! परवाच घेतलं, खोटारड्या!"

"ते पोतं भरलं होतं काकू!"

गाडीतले सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तिन्ही शब्द डोक्यात बसले, न रटता. ऑब्स्टिनेट म्हणजे माझा बाप. ईव्ह्जड्रॉप म्हणजे काकू पडद्यामागं. नंतर मी तसंच केलं. प्रत्येक शब्दाला एक माणूस शोधला. काही शब्द गावातल्या दुकानदारावर गेले, काही शेजारच्या आजीवर, दोन-तीन वाईट शब्द सरांवर गेले. मिनीडोरमधले लोकही खेळायला लागले. "आज कोनता हाय वो?" विचारायचे. एका म्हाताऱ्यानं 'कायर' या अर्थाच्या शब्दाला स्वतःच्या जावयाचं नाव दिलं आणि मग पुढचा सगळा रस्ता जावयाचीच गोष्ट सांगितली.

दिवाळी झाली, थंडी आली. माझे शब्द वाढले. शनिवारी मी कार्ड हातात घेतलं की वाचू शकायची. पण फळ्याजवळ तरी मीच.

इथं माझं डोकं फिरायला लागलं. येत नव्हतं तेव्हा उभी राहिले ते समजत होतं. आता येते आहे, तरी उभी काहून?

प्रतीक्षाला विचारलं.

ती म्हणाली, "मले तं वाटते आपले उच्चारच चुकते. समोरच्याले समजतच नाही आपन काय वाचून राहिलो."

"तुले कार्डाचा अर्थ समजते?"

"कधी कधी समजते. पन शब्द कोनाजवळ सापडत नाही."

मग तो शनिवार आला. सरांनी माझ्या हातात कार्ड ठेवलं. मी वाचलं. समजूत घालूनही जो आपलं मत सोडत नाही असा. मला हसूच आलं. माझ्या हातात माझा बाप होता. पांढऱ्या कार्डावर, टाइप केलेला, इंग्रजीतला.

मी उठले. सगळ्या वर्गातून फिरले. "ऑब्स्टिनेट कोणाकडे आहे?" मोठ्यानं विचारलं. कार्ड लपवून नाही, भीत भीत नाही. ईशाननं त्याचं कार्ड दाखवलं, त्यावर दुसराच शब्द होता. पुढच्या मुलींनी दाखवली. एकेक जोडी भिंतीला लागत गेली. शेवटी मधली जागा रिकामी झाली आणि मी तिथं एकटी.

"धिस वन?" सर म्हणाले.

"नो पेअर!"

मी फळ्याजवळ उभी राहिले. सरांनी नेहमीसारखं माझ्या हातातलं कार्ड काढून घेतलं. आतापर्यंत मला वाटायचं, ते वर्गाला वाचून दाखवायला घेतात. तास संपला. मी कार्डं गोळा करायला लागले, रबर लावायला लागले. या वेळेस मी प्रत्येक कार्ड वाचलं. एकही सोडलं नाही. प्रत्येक शब्दाला अर्थ होता, प्रत्येक अर्थाला शब्द होता. ऑब्स्टिनेट कुठंच नव्हतं. डब्यात नाही, टेबलाखाली नाही, कोणाच्या बाकात नाही.

मी वर पाहिलं. सर बॅग भरत होते. माझ्याकडून घेतलेलं कार्ड त्यांनी शर्टाच्या खिशात टाकलं. डब्यात नाही. खिशात.

राग नंतर आला. आधी नुसते शनिवार मोजत राहिले. इतके शनिवार. इतके शनिवार मी स्वतःला शिव्या देत घरी गेले. मिनीडोरमध्ये तोंड लपवून बसले. मायनं विचारलं तर "डोकं दुखून राहिलं" म्हणून सांगितलं. आणि जोडी नव्हतीच. ती जोडी कोणी बनवलीच नव्हती. वर्गाला हसायला एक माणूस लागतो, तो माणूस सर घरून खिशात घालून आणत होते. आणि वाटताना त्यांना बरोबर माहीत होतं, कोणत्या बाकाजवळ खिशात हात घालायचा.

पुढच्या शनिवारी मी सरांच्या हाताकडे पाहत होते. पुढच्या बाकांना डब्यातून. मधल्या बाकांना डब्यातून. माझ्याजवळ आले आणि हात खिशाकडे गेला. कार्ड पुढे आलं.

मी हात पुढे केला नाही.

"घे."

"सर, खिशातलं नको. डब्यातलं द्या."

बाहेर कोणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तेवढाच आवाज.

"कोणतं कार्ड कोणाला द्यायचं ते मी ठरवतो."

"मग हे ईशानले द्या."

सर लाल झाले. ईशाननं मागं वळून पाहिलं. पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

सर सावरले. "परीक्षेत उजव्या बाजूला एक जादा पर्याय असतो. तुम्हाला त्याची सवय व्हावी म्हणून आहे ते. इतकं कळत नसेल तर इंग्रजी शिकू नये माणसानं."

"असते सर. कागदावर असते. कागदावरच्या पर्यायाले कोनी फळ्याजवळ उभं नाही करत."

मला प्रमाण बोलायचं होतं. घरून तयारी करून आले होते, इंग्रजीतून दोन वाक्यं पाठ केली होती. वेळेवर तोंडातून वऱ्हाडी निघाली. बरं झालं.

सरांनी कार्ड माझ्या बाकावर टाकलं. मी त्याला हात लावला नाही. खेळ झाला, जोड्या लागल्या, सगळे भिंतीला उभे राहिले. मी बाकावर बसून राहिले.

"यू. स्टँड."

मी बसूनच.

"आय सेड, स्टँड."

दोन्ही हातांनी बाक धरून ठेवला होता. पण उठले नाही. घंटा झाली. सर डबा घेऊन गेले. कार्डं कोणी गोळा केली नाहीत, भिंतीशी उभे होते त्यांनीच बाकांवर टाकली आणि निघून गेले.

टाळ्या वाजल्या नाहीत. कोणी येऊन पाठ थोपटली नाही. खेळ त्या दिवसापासून बंद झाला आणि वर्ग माझ्यावरच चिडला. "काही लोकांमुळे आपण फन ॲक्टिव्हिटी बंद करतोय," सर म्हणाले. ग्रुपवर मेसेज फिरले. प्रतीक्षा तर माझ्याशी भांडलीच.

"काहून बोलली तू? आता सर दोघींनाबी पाडन. तुले काय, तुयं वावर हाय. मी कुठी जाऊ?"

"वावर मक्त्याचं हाय."

"तरी हाय ना!"

तिचं चुकत नव्हतं. तिच्यापाशी तेवढंही नव्हतं. पण माझंही चुकत नव्हतं. आम्ही दोघी बरोबर होतो आणि एकमेकींशी बोलत नव्हतो. आणि ईशान कॅन्टीनमध्ये समोसा खात होता. राग या गोष्टीचा येतो.

निकाल लागला. इंग्रजीत मी पास झाले, चांगले मार्क घेऊन. पेपर तपासणाऱ्याला माझं गाव माहीत नव्हतं. मी विषयाचा अर्ज घेऊन सरांकडे गेले. त्यांनी पेनाचं टोपणही काढलं नाही.

"तू मराठी घे. तुम्हा लोकांना ते बरं जमतं."

"मले इंग्रजी पायजे सर."

"मग बोलायला शीक आधी. नेक्स्ट."

घरी सांगितलं तेव्हा फक्त एवढंच सांगितलं की सही देत नाहीत. खिशातल्या कार्डाचं घरी कधी बोललेच नव्हते. बाबा ऐकून घेत राहिले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासोबत निघाले. उन्हाळा होता, आमच्याकडे तेव्हा झेंडू नसतो. अमरावतीत उतरल्यावर बाबा बाजारात गेले आणि फुलं विकत घेतली. जन्मभर फुलं विकणारा माणूस त्या दिवशी फुलं विकत घेत होता, आणि वर दुकानदाराला सांगत होता, "दाबून नको ठेवू, वास जाते." तिथंच कट्ट्यावर बसून त्यांनी स्वतःच्या हातानं हार ओवला. आमच्याकडे कोणाकडे काम असलं की मोकळ्या हातानं जात नाहीत. त्यांना वाटलं, हार नेला की सही होईल.

सर स्टाफरूममध्ये होते. बाबांनी वाकून हार पुढे केला. सरांनी गळ्यात घालून घेतला नाही. टेबलाकडे बोट दाखवलं. बाबांनी तो टेबलावर ठेवला, नीट गोल करून.

सर बाजूच्या मॅडमकडे पाहून म्हणाले, "ओ हो, द फ्लोरिस्ट हिमसेल्फ!"

मॅडम खाली मान घालून हसल्या. बाबाही हसले. त्यांना वाटलं, सर खूश झाले.

"पाहू, पाहू," सर म्हणाले. "या तुम्ही."

बाहेर जिन्यात बाबांनी विचारलं, "काय म्हनले वं सर? इंग्रजीत?"

"फुलं विकनारा म्हनले."

बाबांनी मान हलवली. "मंग बराबरच म्हनले ना."

शब्द बरोबर होता. डिक्शनरीत तोच अर्थ आहे. माझ्या पहिल्या आठवड्याच्या कागदावर तीच जोडी चुकली होती. आणि माझ्या बापाच्या तोंडावर हसू होतं, खरंखुरं, काम झाल्यासारखं. मी त्यांना काय सांगणार होते?

मी म्हटलं, "बाबा, एक मिनिट थांबा इथं."

परत वर गेले. स्टाफरूममध्ये शिरले. हार टेबलावर तसाच होता, त्याच्यावर कोणीतरी चहाचा कप टेकवला होता. मी कप उचलून बाजूला ठेवला आणि हार घेतला.

"हे काय चाललंय?" सर म्हणाले.

"सर, सही नको. टी.सी. पायजे. अर्ज ऑफिसात देते."

"टी.सी. घेऊन जाणार कुठे?"

मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

खाली आले. बाबांनी हार पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. जिन्यातच. पहिला कागद, डबा, खिसा, नो पेअर. येणारे-जाणारे पाहत होते. बाबांनी माझ्या हातातला हार घेतला आणि तो धरून बस-स्टँडपर्यंत चालत आले. मला वाटलं, आता म्हणतील, झालं तुयं वरीस, चाल वावरात.

स्टँडवर आल्यावर म्हणाले, "अकोल्याले तुई आत्या राह्यते."

"हो."

"तिथीसा कॉलेज हाय ना?"

"हाय."

"मंग इकडं कुठी चालली? अकोल्याची गाडी तिकडं लागते."

ऑब्स्टिनेट. मी मनातल्या मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असतं तर त्यांना समजलं नसतं आणि मला रडू आलं असतं.

अकोल्यात आत्याच्या दोन खोल्यांत तिची चार माणसं आणि पाचवी मी. सकाळी आत्याच्या घरचं पाणी भरायचं, मग कॉलेज. तिथल्या इंग्रजीच्या मॅडम काही देवी नव्हत्या. चिडायच्या, उशीर झाला तर दाराबाहेर ठेवायच्या. पण दाराबाहेर सगळ्यांना ठेवायच्या. सारखंच. मला तेवढंच पाहिजे होतं.

लोक मला आता सांगतात, "त्या सरांमुळेच तू जिद्दीनं शिकलीस. त्यांचे आभार मान." या बोलण्याचा मला फार राग येतो. त्यांच्यामुळे मी शिकले नाही. त्यांच्यामुळे माझं एक वर्ष भीतीत गेलं. त्यांच्यामुळे प्रतीक्षानं दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं, आणि तिचं लग्न झालं तेव्हा मला पत्रिका आली नाही. तिची इंग्रजी माझ्यापेक्षा बरी होती. हे कुठं लिहून ठेवायचं? मी शिकले ती मिनीडोरमध्ये, मायसोबत, काकू आणि बाप आणि भातकुलीचा दुकानदार घेऊन. सरांच्या अपमानाला मी माझ्या शिक्षणातला वाटा देणार नाही.

आता मी शिकवते. मूर्तिजापूरकडच्या एका शाळेत, शकुंतला या बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ गवतात बुडालेत त्याच्या पलीकडे. दर शनिवारी मीही डबा नेते. तोच खेळ. कारण खेळानं काही वाईट केलं नव्हतं. कार्डं मी स्वतः लिहिते. जितके शब्द तितकेच अर्थ. कधी एखादं पोरगं गैरहजर राहतं आणि एक कार्ड उरतं. ते उरलेलं कार्ड मी घेते. मग कोणीतरी वर्गभर फिरून शेवटी टेबलापाशी येतं आणि म्हणतं, "मॅडम, माई जोडी तुमच्यापाशी हाय का?" मी कार्ड दाखवते. आम्ही दोघं भिंतीला उभे राहून वाचतो.

मागच्या महिन्यात एक वरिष्ठ शिक्षक वर्ग पाहायला आले. म्हणाले, "मॅडम, एक जादा कार्ड टाकत जा. एखादा उभा राहिला की बाकीचे नीट अभ्यास करतात. मजाही येते."

मी म्हटलं, "सर, माझ्या वर्गात जादा कार्ड नाही."

"अहो, परीक्षेत असतं."

"परीक्षेत असू द्या. इथं नाही. कोणी आणून टाकलं तर मी ते पोरांसमोर फाडीन, आणि कोणी टाकलं त्याचं नाव सांगून फाडीन."

ते उठून गेले. माझ्याबद्दल वर काय लिहायचं ते लिहोत.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बी.ए., विषय इंग्रजी वाङ्मय, प्रथम श्रेणी. नंतर बी.एड. मी शिकवते त्या शाळेतही हजेरी-फळा आहे, सगळ्या शिक्षकांच्या नावांचा. इंग्रजीपुढे तिथं रेघ होती. आता तिथं माझं नाव आहे.